दात साफ केल्यानं हलत नाहीत

"घासताना थोडं रक्त येतं, पण दुखत काही नाही." दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकते. माणूस आलेला असतो दाढ किडली म्हणून. हिरडीचा विषय मीच काढते, तेव्हा हे उत्तर येतं. "मग एकदा सगळे दात साफ करून घेऊ" असं म्हटलं, की पुढचं उत्तरही ठरलेलं असतं: "नको मॅडम, साफ केलं की दात हालत्यात म्हनं. आमच्या चुलत्याचं तसंच झालं."

तालुक्याच्या गावात माझा दातांचा दवाखाना आहे. मास्तर असोत, बागाईतदार असोत, नाहीतर बँकेतले साहेब, ही भीती सगळ्यांच्या मनात घट्ट बसली आहे. तिच्यापायी लोक कीड न लागलेले चांगले दात पन्नाशीच्या आतच घालवून बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. घरातल्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा.

निरोगी हिरडीतून ब्रशनं रक्त येत नाही. ब्रश कडक असेल, रेटून घासलं असेल तर एखाद्या दिवशी खरचटतं, तेवढं सोडा. पण रोज थुंकीत लाली दिसते, पेरू चावला की त्यावर रक्ताचा डाग उमटतो, सकाळी उठल्यावर तोंडाला वास येतो, तर हिरडीला सूज आहे हे नक्की समजा. कीड लागलेली दाढ रात्री झोपू देत नाही, त्यामुळे माणूस सकाळी उठून दवाखाना गाठतो. हिरडीचा आजार वर्षानुवर्षं न दुखता आतल्या आत चालतो. दुखायला लागतं ते पू साठल्यावर नाहीतर दात हलायला लागल्यावर, आणि तोवर दाताभोवतीचं हाड बरंचसं झिजलेलं असतं. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत भरून येत नाही. म्हणून दुखत नाही, यात समाधान मानू नका.

हे होतं कशानं? जेवणानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा एक चिकट थर बसायला लागतो. जीभ फिरवली तर बुळबुळीत लागतो. तो रोज नीट निघाला नाही, की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरतं आणि एक-दोन दिवसांतच तो कडक व्हायला लागतो. हेच किटण. आमच्याकडे लोक त्याचा दोष बोअरच्या पाण्याला देतात. हंड्याला आतून पांढरा थर बसतो तसाच दातांनाही बसला, असं म्हणतात. बसण्याची तऱ्हा तशीच आहे, पण दातावरचा क्षार पिण्याच्या पाण्यातला नसतो, आपल्याच लाळेतला असतो. म्हणून तर किटण सगळ्यात जास्त दोन जागी साठतं: खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथंच जवळ उघडतात. आज मोबाइलचा दिवा लावून आरशात खालच्या दातांच्या आतल्या बाजूला पाहा. पिवळसर किंवा तपकिरी कड दिसली, जिभेला खरखरीत लागली, तर ते किटण आहे. ते कोणत्याही ब्रशनं, कोणत्याही पेस्टनं निघत नाही.

डेन्मार्कमधल्या आऱ्हूस या गावी १९६५ साली हाराल्ड लो या दंतशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. चांगल्या हिरड्या असलेल्या बारा जणांना, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात सूज उतरली. आपल्यासाठी याचा अर्थ असा की सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. हाडाला अजून धक्का लागलेला नसतो. त्याच वेळी किटण काढून रोज नीट घासायला लागलात तर पुढचा सगळा खर्च आणि त्रास वाचतो.

"आमच्या आज्यानं जन्मात ब्रश धरला नाही, तरी नव्वदीत ऊस सोलून खायचा," असंही मला कुणीतरी हमखास ऐकवतं. मी ते खोटं मानत नाही. याच हाराल्ड लोच्या गटानं १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांचे दात तपासले. या मजुरांना ना ब्रश माहीत होता, ना दातांचा डॉक्टर. किटण सगळ्यांच्याच दातांवर होतं. तरी शंभरातल्या अकरा जणांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेला नाही. एक्क्याऐंशी जणांचं हाड हळूहळू झिजत गेलं. उरलेल्या आठ जणांचं मात्र झपाट्यानं झिजलं आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. तुमचे आजोबा त्या अकरांतले होते. तुम्ही कुठल्या गटातले, हे आरशात बघून कळत नाही. ते मोजूनच कळतं.

आता त्या चुलत्यांची गोष्ट. त्यांचे दात साफ केल्यानंतर हलायला लागले, हे त्यांनी खरंच अनुभवलेलं असतं. पण घडतं ते असं. दात हाडात रुतलेला असतो, आणि बारीक तंतू त्याला हाडाशी धरून ठेवतात. वर्षानुवर्षांच्या सुजेनं हाड खाली गेलं की दाताचा आधार जातो. पण त्याच वेळी खालच्या चार-सहा दातांवर आतून किटणाची एक सलग पट्टी बसलेली असते आणि ती या मोकळ्या झालेल्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवते. डॉक्टरनं पट्टी काढली, की दात मुळात किती सैल होते हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवतं. पट्टी तशीच ठेवली असती तर तिच्याखालचं हाड आणखी गेलं असतं आणि एक दिवस पट्टीसकट दात हातात आले असते. उलट, सूज उतरल्यावर जरासे हलणारे दात काही आठवड्यांत थोडे घट्ट झालेले आम्ही नेहमी पाहतो. ज्यांचं हाड फारच गेलं आहे ते दात साफ केल्यानंही घट्ट होणार नाहीत. त्यांना शेजारच्या दातांशी बांधावं लागतं किंवा काढावं लागतं. हे डॉक्टरनं सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं. तसं न सांगता यंत्र हातात घेणाऱ्यांमुळेही ही भीती पसरली आहे, हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांना सांगते.

खुर्चीवर बसल्यावर काय होतं, तेही सांगते, म्हणजे धाकधूक कमी होईल. आधी एक बारीक, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच घालून खोली मोजतात. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे म्हणत जाते आणि मदतनीस लिहून घेते: दोन, तीन, दोन, पाच, सहा, चार. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चार किंवा जास्त आणि सळई लावताच रक्त, म्हणजे तिथं आजाराची खोल फट झालेली आहे. मग एक्स-रे काढून हाडाची उंची पाहतात. तुमच्या डॉक्टरनं हे मोजमाप केलं नाही तर "हिरडीची खोली मोजाल का?" असं मोकळेपणानं विचारा. विचारण्यात काही गैर नाही. कुठं साध्या सफाईवर भागेल आणि कुठं खोलवर साफ करावं लागेल, हे या आकड्यांवरूनच ठरतं.

साध्या सफाईला आम्ही स्केलिंग म्हणतो. यंत्राचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्यावर पाण्याची बारीक धार चालू असते. टोक बाजूनं टेकवायचं असतं, टोचायचं नसतं. किटण भेगाळून गळून पडतं आणि पाण्याबरोबर नळीतून ओढलं जातं. आवाज कानाला बोचतो, तोंडात पाणी साठल्यासारखं वाटतं, पण दुखणं फारसं नसतं. दातावरचं एनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण भाग आहे. नीट वापरलेल्या यंत्रानं ते घासून जात नाही.

फट खोल असेल तर हिरडीत बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन मुळापर्यंत साफ करतात. यासाठी हातानं वापरायची वळणदार, पातळ पात्याची हत्यारं असतात. मुळावरचं किटण काळपट, घट्ट आणि डोळ्यांआडचं असतं. डॉक्टर बोटाच्या टोकाला लागणाऱ्या खरखरीवरून ते ओळखते आणि मूळ गुळगुळीत लागेपर्यंत ओढत राहते. सगळं तोंड एका दिवसात बहुधा होत नाही. दोन ते चार बैठका लागतात. एका मावशींना पहिल्या बैठकीनंतर मी खालच्या दातांमागून निघालेला किटणाचा तुकडा गॉजवर ठेवून दाखवला. दातांच्या चार कमानींचा ठसा त्याच्या एका बाजूला स्पष्ट उमटलेला होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं माज्या तोंडात व्हतं?" दुसऱ्या बैठकीला त्या सुनेलाही घेऊन आल्या.

किटण खरवडून काढणं हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. सुश्रुतसंहितेत दातांवरच्या या खड्याला दंतशर्करा म्हटलं आहे. दाताच्या मुळांना इजा न करता ती काढावी आणि मग लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं, असा उपचार तिथं सांगितला आहे. आता हत्यार विजेवर चालतं, एवढाच फरक.

सफाईनंतर दोन गोष्टी होतात आणि दोन्हींनी लोक घाबरतात. एक म्हणजे गार पाणी झोंबतं. किटणाखाली झाकलेलं मूळ उघडं पडलेलं असतं. आठवडा-दोन आठवड्यांत हे कमी होतं, तोवर कोमट पाणी प्या आणि झोंबणं कमी करणारी पेस्ट वापरा. दुसरं म्हणजे दातांमध्ये फटी दिसतात. सुजलेली हिरडी बसली, मधलं किटण निघालं, त्यामुळे आधीपासून असलेली जागा मोकळी झाली. या फटी आता साफ करता येतात, हा फायदाच आहे. साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करायला जायलाच हवं. तेव्हाही कुठं पाच-सहा मिलिमीटरच्या फटी राहून रक्त येत असेल, तर हिरडी थोडी उघडून आतून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया लागू शकते. बहुतेकांना तिची गरज पडत नाही.

डायबेटिस असलेल्यांनी मात्र यापुढचं नीट वाचावं. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे, म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी असणारच. साखर ताब्यात नसेल तर हिरडीचा आजार बळावतो, जखम लवकर भरत नाही. उलट बाजूनंही तसंच: हिरडीतली सूज सतत रक्तात उतरत राहते आणि साखर ताब्यात येऊ देत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासून २०२२ साली काढलेला निष्कर्ष असा की हिरड्यांचा उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी साखरेच्या एचबीए१सी तपासणीचा आकडा सरासरी ०.४ नं खाली येतो. आठवरून साडेसातच्या जवळ. गोळ्या किंवा पथ्य यामुळे सुटत नाही, पण औषधं चालू असूनही साखर हटत नसेल तर एकदा हिरड्या दाखवा. डायबेटिसच्या डॉक्टरकडे तुम्ही नेमानं जाता, पाय दाखवता, डोळे दाखवता. तोंड दाखवायचं राहून जातं.

हृदयाचंही लोक विचारतात. हिरडीचा आजार आणि हृदयविकार एकाच माणसात जास्त आढळतात हे खरं, पण दात साफ केले म्हणून झटका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर विश्वास ठेवू नका. गरोदरपणात हिरड्या सुजून रक्त येतं. अशा वेळी सफाई करणं सुरक्षित आहे, चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. "पोटुशी बाईनं दाताला हात लावायचा नाही" हे सासूबाईंनी सांगितलं तरी ऐकू नका. गरोदर असल्याचं डॉक्टरला मात्र आधी सांगा.

औषधांचंही सांगायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कृत्रिम झडप बसवलेली असेल, पेसमेकर असेल, तर खुर्चीवर बसण्याआधी सांगा. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, त्यातून जिवावर बेतू शकतं. झडपवाल्यांना सफाईआधी अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो. ब्लडप्रेशरची ॲम्लोडिपीनसारखी गोळी किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल, तर काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. किटण असलं की जास्तच. असं दिसलं तर दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

मशेरीबद्दल बोलल्याशिवाय आमच्या भागातल्या हिरड्यांचं बोलणं पुरं होत नाही. तव्यावर भाजलेली तंबाखू बोटानं हिरडीला चोळायची, आणि तेही दात स्वच्छ होतात म्हणून. बायका सकाळी चोळतात, शेतावरून आल्यावर चोळतात, काही जणी लेकींनाही लावतात. मशेरीनं दात साफ होत नाहीत. हिरडी मागे सरते, मूळ उघडं पडतं आणि तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी होते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली आहे, ती उगाच नव्हे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी वेगळं सांगते: निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तुमच्या हिरडीतून रक्त कमी येतं. रक्त येत नाही म्हणजे हिरडी चांगली, हा हिशेब तुम्हाला लागू नाही. तंबाखू चालू ठेवून सफाई केली तर गुणही कमी येतो. सोडवत नसेल तर बोलायला लाजू नका. सरकारी रुग्णालयांत त्यासाठी समुपदेशन मिळतं. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर सफाईची वाट न बघता आधी ते दाखवा.

मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाणं थांबवा. जंतू किटणाच्या खरखरीत पृष्ठभागावर थर धरून बसलेले असतात, गोळी त्या थरात पुरेशी पोचत नाही. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. क्लोरहेक्सिडीनची चूळ डॉक्टरनं सांगितली तर तेवढेच दिवस वापरा, फार दिवस वापरली की दात तपकिरी पडतात. भरड लाल मंजन, राख, मीठ बोटानं रगडून दात चमकतात असं वाटतं, पण मूळ झिजतं. यात्रेत, एसटी स्टँडबाहेर काही लोक दात "पांढरे करून" देतात, त्यांच्याजवळच्या बाटलीत ॲसिड असू शकतं. त्यांच्यापुढे तोंड उघडू नका. लग्नाआधी दात पांढरे करायला येणाऱ्या मुलामुलींनाही मी आधी हिरड्या तपासून घ्यायला सांगते. चमक आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पैशांचा प्रश्न खराच आहे. खासगी दवाखान्यात साध्या सफाईला काही शे रुपयांपासून पुढे पडतात, खोल सफाईला जास्त. आधीच विचारा, किती बैठका आणि एकूण किती. परवडत नसेल तर जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात, अनेक ग्रामीण रुग्णालयांतही असतात. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथं फार कमी पैशांत काम होतं. खासगी महाविद्यालयांतही शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी करतात. वेळ जास्त लागतो, पण काम बारकाईनं होतं. केसपेपर काढताना "हिरड्यांचा विभाग, पिरिओ" असं सांगा. कुठंही गेलात तरी हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली असावीत.

आणि एकदा साफ केलं म्हणजे जन्माचं झालं, असं नाही. साफ केलेल्या खोल फटींत जंतू दोन-तीन महिन्यांत पुन्हा घर करतात. म्हणून ज्यांचं हाड झिजलेलं आहे त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं. बाकीच्यांनी वर्षातून एकदा-दोनदा. मधल्या काळात मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा दोन-दोन मिनिटं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलकेच फिरवा. फटी असतील तर मेडिकलमध्ये बाटली घासायच्या ब्रशसारखे छोटे इंटरडेंटल ब्रश मिळतात, फटीच्या मापाचा कुठला घ्यायचा ते डॉक्टरकडून विचारून घ्या. रात्रीचं घासणं सकाळपेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, अलीकडचा साखरेचा रिपोर्ट आणि तोंडाचा जुना एक्स-रे असेल तर तो पिशवीत टाका. पोटात काहीतरी खाऊन जा, उपाशी जाऊ नका. आणि डायबेटिसवाल्यांनी, तीन महिन्यांनी साखर तपासायला निघाल त्याच आठवड्यात हिरड्यांचीही वेळ घेऊन टाका.